सात पिढ्यांची वाट

वसईचा किल्ला म्हटला कीं मराठी माणसास चिमाजी अप्पांची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. परंतु १७३९ च्या त्या पराक्रमापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें ही वसई पोर्तुगिजांची होती, आणि त्या काळांत तिच्या गल्ल्यांतून खेळलेल्या एका मुलाचें नांव पुढें रोममध्यें संतांच्या यादींत वाचलें गेलें, ही गोष्ट वसईबाहेर फारशी कोणाच्या कानावर गेलेली नसते. गोन्सालो गार्सिया हें त्या मुलाचें नांव. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच; जन्म १५५६ च्या सुमाराचा. जेसुइट पाद्र्यांजवळ तो शिकला, मिसरूड फुटण्याच्या वयांत त्यांच्याबरोबर जपानांत गेला आणि तेथील भाषा तेथल्यासारखीच बोलूं लागला. जेसुइट संघांत मात्र त्याला प्रवेश मिळाला नाहीं. मग कांहीं वर्षें त्यानें व्यापार केला, त्यांत पैसाहि मिळविला, आणि शेवटीं तो सर्व सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथाचा साधा बंधु झाला. १५९३ सालीं त्या पंथाचे साधु वकील म्हणून जपानच्या दरबारीं गेले, तेव्हां दुभाष्या म्हणून हा वसईकर त्यांच्यासमवेत होता. चार वर्षांनीं, ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं, नागासाकी बंदराजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांवर खिळलेल्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा होता. सर्वांत लहान होता तो बारा वर्षांचा.

या सव्वीस जणांची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. परंतु मरणाला एक दिवस पुरतो. त्यांच्यामागें जीं माणसें जिवंत राहिलीं, ज्यांना उघडपणें मरतांहि आलें नाहीं आणि उघडपणें जगतांहि आलें नाहीं, त्यांना सव्वादोनशेंहून अधिक वर्षें एका गोष्टीची वाट पाहावी लागली. ही हकीकत त्या वाट पाहणारांची आहे.

जपानांत ख्रिस्ती धर्म गेला तो गोव्याच्या वाटेनें. कागोशिमा प्रांतांतला आन्जिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ, हातून मनुष्यवध झाल्यामुळें देश सोडून मलाक्केस आला. तेथें त्याची व फ्रान्सिस झेवियरची गांठ पडली. गोव्यास सेंट पॉल विद्यालयांत आन्जिरो शिकला, १५४८ मध्यें त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्याच वर्षीं १५ ऑगस्ट १५४९ रोजीं तो झेवियरला घेऊन आपल्या गांवच्या किनाऱ्यास लागला. पुढील साठ-पासष्ट वर्षांत हा धर्म दक्षिण जपानांत झपाट्यानें पसरला. कांहीं सरदारांनीं तो मनापासून स्वीकारला, कांहींनीं पोर्तुगीज गलबतें आपल्या बंदरास लागावीं म्हणून. ओमुराच्या सरदारानें तर १५८० सालीं नागासाकी बंदरच जेसुइटांच्या हवालीं केलें. धर्म, व्यापार आणि बंदुका एकाच गलबतांतून उतरत असल्या म्हणजे राज्यकर्त्याच्या मनांत संशय यावयाचाच. १५८७ मध्यें हिदेयोशीनें पाद्र्यांना हद्दपारीचा हुकूम दिला. आणि १६१४ मध्यें तोकुगावा इएयासूनें सर्व देशांत या धर्मास बंदी केली. त्या वेळीं जपानांत सुमारें तीन लाख ख्रिस्ती होते असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या गलबतांतून हे पाद्री जपानास गेले, तीच सत्ता त्याच शतकांत गोव्यांत हिंदूंचीं देवळें पाडीत होती. १५६० मध्यें मंगेशाचें लिंग कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास न्यावें लागलें तें तिच्याच भयानें. जो धर्म जपानांत छळ सोशीत होता, तोच गोव्यांत छळणारांच्या हातांत होता. तेव्हां जपानी राज्यकर्त्यांना वाटलेली भीति सर्वस्वीं निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या भीतीचा दंड भरला तो ज्यांनीं गोवा पाहिला नव्हता आणि पोर्तुगालच्या राजाशीं ज्यांचें कांहीं देणेंघेणें नव्हतें, अशा शेतकऱ्यांनीं आणि कोळ्यांनीं.

आरंभीं सरकारचा भर ठार मारण्यावर होता. १६२२ सालीं नागासाकीस एकाच दिवशीं पंचावन्न माणसें जाळून अगर शिरच्छेद करून मारलीं. परंतु लोक या मरणाचा उत्सव करूं लागले, जळलेल्यांच्या अस्थि जपून ठेवूं लागले. तेव्हां अधिकाऱ्यांनीं शहाणपणाची पण अधिक क्रूर अशी रीत धरली: मनुष्य मारावयाचा नाहीं, त्याच्याकडून धर्म सोडवावयाचा. खड्ड्यावर उलटें टांगून ठेवण्याच्या शिक्षेनें १६३३ मध्यें खुद्द जेसुइट प्रांताधिकारी ख्रिस्तोव्हाव फेरैरा यानें कांहीं तासांत धर्म सोडला आणि पुढें तो सरकारच्या बाजूनें काम करूं लागला. ज्याच्या शब्दावर लोक विसंबून होते तोच गेल्यावर त्यांच्या मनाचें काय झालें असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १६३७-३८ मध्यें शिमाबारा आणि आमाकुसा येथील शेतकऱ्यांनीं, कांहींसें धर्माच्या आणि पुष्कळसें जुलमी सारावसुलीच्या त्रासानें, बंड केलें. हारा नांवाच्या पडक्या किल्ल्यांत बायकामुलांसह हजारों माणसें कोंडलीं गेलीं आणि शेवटीं त्यांची कत्तल झाली. त्यानंतर पोर्तुगिजांना जपानचीं बंदरें कायमचीं बंद झालीं. १६४४ मध्यें कोनिशी मानशो हा जपानांत उरलेला शेवटचा पाद्री मारला गेला. त्या दिवसापासून त्या देशांतल्या ख्रिस्ती माणसास पापनिवेदन ऐकणारा, प्रभुभोजन देणारा, प्रेतावर प्रार्थना म्हणणारा कोणी राहिला नाहीं.

मागें राहिला तो सरकारी बंदोबस्त. तो इतका नेटका होता कीं त्यांतून एखादा धर्म जिवंत राहील असें कोणास वाटलें नसतें. प्रत्येक कुटुंबाचें नांव एखाद्या बौद्ध देवळाच्या वहींत असलेंच पाहिजे. जन्म, लग्न, मृत्यु यांची नोंद तेथेंच. पांच-पांच घरांचा एक गट. त्यांतील एका घरीं ख्रिस्ती सांपडला तर पांचांना शिक्षा. चव्हाट्यावर लांकडी फळे लावलेले, त्यांवर बक्षिसांचे आंकडे: १७११ च्या फळ्यावर पाद्री दाखवून देणारास रुप्याचीं पांचशें नाणीं आणि त्याच्या साहाय्यकाबद्दल तीनशें, असा दर लिहिलेला होता. आणि या सर्वांवर कळस म्हणजे पाऊल-परीक्षा. मरियेची किंवा क्रूसावरील ख्रिस्ताची प्रतिमा जमिनीवर मांडावयाची आणि गांवांतल्या प्रत्येकानें, लहान मुलासकट, तीवर पाय ठेवून पुढें जावयाचें. नागासाकीकडे हा विधि दर नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत होई. आरंभीं प्रतिमा कागदाच्या किंवा लांकडाच्या असत. त्या झिजूं लागल्या म्हणून १६६९ मध्यें पितळेच्या वीस ओतविल्या. त्यांतल्या कांहीं टोकियोच्या संग्रहालयांत आहेत. त्यांवरील चेहरे आतां ओळखूं येत नाहींत. नाक, डोळे, कपाळ सर्व सपाट झालें आहे. हातोड्यानें नव्हे, अनवाणी पावलांनीं.

त्या पावलांत उराकामीच्या शेतकऱ्यांचीं पावलें होतीं. उराकामी हें नागासाकीच्या उत्तरेचें खोरें. तेथील गांवेंच्या गांवें गुप्तपणें ख्रिस्ती होतीं, आणि तीं दरवर्षीं गांवच्या मुख्याच्या वाड्यांत जाऊन त्या प्रतिमेवर पाय ठेवून येत. घरीं आल्यावर दारें लावून तीं एक प्रार्थना म्हणत. पाद्री देशांत होते त्या वेळीं, १६०३ च्या सुमारास, नागासाकीच्या बिशपानें पश्चात्तापाविषयीं एक लहानसें पुस्तक जपानी भाषेंत तयार करविलें होतें. पाद्री मिळणें अशक्य असेल तेव्हां मनापासूनच्या संपूर्ण पश्चात्तापानेंहि पापाचें क्षालन होतें, असा त्याचा आशय. पश्चात्तापाच्या पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार ‘कोन्चिरिसान’. त्या नांवानेंच तें ओळखलें जाई. छापील प्रती नष्ट झाल्या, हस्तलिखितें जमिनींत आणि भिंतींत लपलीं, परंतु पुस्तक पाठ झालें. सकाळीं पाय ठेवावयाचा आणि संध्याकाळीं रडत कोन्चिरिसान म्हणावयाचा, हा क्रम सुमारें दोनशें तीस वर्षें चालला.

याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. हुतात्म्यांच्या शेजारीं ठेवून पाहिलें तर हीं माणसें दुबळीं दिसतात, यांत शंका नाहीं. त्यांनाहि तें ठाऊक होतें, म्हणून तर ती प्रार्थना होती. परंतु सर्वांनींच निशिझाकाच्या टेकडीचा मार्ग धरला असता तर एका पिढींत सर्व संपलें असतें, आणि मुलांना शिकविण्यास कोणी उरलें नसतें. सरकारला वाटलें, पाऊल पडलें म्हणजे मन मोडलें. तें मन दरवर्षीं मोडत होतें हें खरें, पण दरवर्षीं संध्याकाळीं तें पुन्हां सांधलें जात होतें, हें कोणत्याहि सरकारी वहींत नोंदलें गेलें नाहीं.

पाद्री नाहींत, पुस्तक नाहीं, देऊळ नाहीं. मग धर्म टिकला कशावर? मुख्यतः दिवस मोजण्यावर. आपल्याकडे एकादशी चुकूं नये म्हणून घरांत पंचांग असतें, आणि शंका आली तर गांवचा जोशी असतो. या लोकांजवळ ख्रिस्ती पंचांग सांपडणें म्हणजे मरण. शिवाय अडचण अशी कीं जपानी पंचांग आपल्यासारखेंच चांद्रमासांचें आणि अधिक महिन्याचें. ख्रिस्ती सण सौर वर्षाचे. आणि ईस्टरचा दिवस तर चंद्र, सूर्य व वार या तिहींच्या मेळानें ठरणारा. बास्तियान नांवाच्या एका जपानी धर्मशिक्षकाच्या नांवानें १६३४ सालचें एक पंचांग या लोकांत चालत आलें होतें. त्यावरून दरवर्षींचे सण आणि उपवास बसवून देणें हें एका खास माणसाचें काम असे. त्याला ‘चोकाता’, म्हणजे वहीवाला, म्हणत. त्याच्या हाताखालीं ‘मिझुकाता’, पाणीवाला, हा मुलांना बाप्तिस्मा देई. आणि ‘किकियाकु’, ऐकणारा, हा घरोघर निरोप पोंचवी. येत्या आठवड्यांत कोणत्या दिवशीं मांस वर्ज्य, कोणत्या दिवशीं सुई हातीं धरावयाची नाहीं, हा निरोप शेतांत भाजी निवडतां निवडतां एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जाई. ना मेळा, ना घंटा, ना प्रवचन. धर्माची सर्व इमारत या तीन पायऱ्यांवर उभी होती, आणि तिघेहि शेतकरीच होते.

बाकीचें ज्यानें त्यानें आपल्या घरांत सांभाळलें. बौद्ध देवता कान्नोन ही मांडीवर मूल घेतलेली अशीहि दाखवितात. तिच्या चिनी मातीच्या मूर्तींत या लोकांनीं मरिया पाहिली. घरांत कोणी वारलें म्हणजे बौद्ध भिक्षु सक्तीनें येई. तो बाहेर पाठ म्हणत असतां आंतल्या खोलींत एकजण त्याचा पाठ निष्फळ करणारी प्रार्थना पुटपुटत बसे. प्रार्थनांतले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यापिढ्यांच्या तोंडून झिजत झिजत असे झाले कीं म्हणणारास अर्थ कळेना. परंतु अर्थ कळत नाहीं म्हणून एक शब्दहि कोणी गाळला नाहीं. न समजतां पाठ केलेल्या गोष्टींना हल्लीं फार नांवें ठेवतात. ज्यांना समजावून सांगणाराच उरला नव्हता, त्यांच्यापुढें दुसरा मार्ग कोणता होता?

बास्तियान पकडला गेला, दीर्घकाळ तुरुंगांत छळला गेला आणि मारला गेला. मरण्यापूर्वीं तो चार गोष्टी सांगून गेला अशी परंपरा आहे. सात पिढ्यांपर्यंत तुम्हांला मी आपलीं मुलें समजेन. त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील. मग कोठेंहि मोठ्यानें आपलीं गीतें गातां येतील. आणि वाटेंत परधर्मीय भेटले तर ते बाजूस सरून वाट देतील, असा त्या चार वचनांचा भावार्थ. हें भाकीत खरोखर बास्तियानचें कीं लोकांच्या आशेनें मागाहून त्याच्या तोंडीं घातलेलें, हा प्रश्न पंडितांचा. उराकामी आणि सोतोमे येथील म्हाताऱ्या माणसांना त्याचा उपयोग निराळा होता. नुसतें ‘कधींतरी’ म्हणून वाट पाहतां येत नाहीं. ‘सातवी पिढी’ म्हटलें म्हणजे बोटांवर मोजतां येतें. आजा पांचवा, बाप सहावा, म्हणजे हें पाळण्यांतलें मूल सातवें.

मधून मधून सरकारला वास लागे. १८०५ मध्यें आमाकुसा बेटांत पांच हजारांवर माणसें या गुप्त धर्माचीं निघालीं. इतक्यांना शिक्षा करावी तर शेतें कोण नांगरणार, आणि ख्रिस्ती म्हणून वर कळवावें तर इतकीं वर्षें अधिकारी झोंपले होते काय, असा प्रश्न निघणार! तेव्हां हे लोक ख्रिस्ती नसून कांहीं चुकीचा कुळाचार पाळणारे आहेत, असा शेरा मारून प्रकरण मिटविलें. कारकुनी शहाणपण सर्व देशांत एकच. उराकामीवर मात्र वरचेवर धाड येई. १८५६ च्या धाडींत किचिझो नांवाचा चोकाता पकडला गेला आणि तुरुंगांतच मेला. पहिल्या चोकात्यापासून मोजला तर तो सातवा.

काळीं जहाजें तोंवर येऊन पोंचलीं होतीं. अमेरिकेचा सेनानी पेरी हा १८५३ मध्यें धूर सोडणारीं जहाजें घेऊन आला. १८५८ मध्यें पाश्चात्य राष्ट्रांशीं तह झाले. त्याच सुमारास नागासाकीची पाऊल-परीक्षा बंद पडली. परक्यांना बंदरांत आपल्यापुरतें प्रार्थनामंदिर बांधण्याची मोकळीक मिळाली, परंतु जपानी माणसास बंदी होती ती तशीच. १८६२ सालीं पोप नववा पायस यानें नागासाकीच्या सव्वीस जणांना संतपद दिलें. वसईच्या गोन्सालोचें नांव रोममध्यें वाचलें गेलें तें या वेळीं. नागासाकीच्या ओउरा नांवाच्या भागांत फ्रेंच पाद्र्यांनीं एक मंदिर उभारलें तें याच सव्वीस संतांच्या नांवानें, आणि १९ फेब्रुवारी १८६५ रोजीं त्याची प्रतिष्ठा झाली. दर्शनी भिंतीवर त्यांनीं मुद्दाम स्थानिक लिपींत ‘स्वर्गाच्या प्रभूचें मंदिर’ अशा अर्थाचीं अक्षरें लिहिलीं होतीं. जुन्या ख्रिस्ती लोकांपैकीं कोणी उरला असेल तर वाचील, ही आशा. बघे पुष्कळ आले. पण हवा तो माणूस कोणी येईना.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारीं साडेबाराच्या सुमारास बर्नार्ड पेतिजां हा पस्तीस वर्षांचा फ्रेंच पाद्री मंदिराच्या दारापाशीं आला, तों बारा-पंधरा माणसें, पुरुष, बायका आणि मुलें, दार लागलेलें पाहून उभीं असलेलीं त्याला दिसलीं. त्यांच्या उभें राहण्यांत नुसतें कुतूहल नव्हतें. त्यानें दार उघडलें, आंत जाऊन तो वेदीसमोर गुडघे टेकून प्रार्थनेस बसला. थोड्या वेळानें तीन बाया त्याच्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांतली एक, पन्नाशीच्या घरांतली सुईण, छातीवर हात ठेवून भिंतींना कान असावेत अशा हलक्या आवाजांत म्हणाली कीं आम्हां सर्वांचें अंतःकरण आपल्या अंतःकरणासारखेंच आहे. कोठून आलांत, असें त्यानें विचारलें. तेव्हां उराकामीहून, आणि तेथें जवळ जवळ सर्वांचेंच अंतःकरण असें आहे, असें उत्तर मिळालें. लगेच तिनें विचारलें, सांता मारियेची मूर्ति कोठें आहे? पाद्र्यानें त्यांना मूर्तीपाशीं नेलें. मरियेच्या हातांतलें मूल पाहून त्यांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं.

त्यांच्या बोलण्यांतून जें पुढें निघालें त्यानें पेतिजां अधिक चकित झाला. थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं मध्यरात्रीं प्रभूचा जन्म झाला, तो दिवस आम्ही पाळतों, असें त्यांनीं सांगितलें. आणि सध्यां तर दुःखाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस; आपणहि तो पाळतां ना, असें विचारलें. १८६५ सालीं ईस्टर १६ एप्रिल रोजीं होता. म्हणजे चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा आरंभ १ मार्च रोजीं झाला, आणि १७ मार्च हा त्याचा बरोबर सतरावा दिवस. शेवटचा पाद्री जाऊन दोनशें एकवीस वर्षें झालीं होतीं. मधल्या काळांत कोणी तपासणारा नव्हता, कोणी दुरुस्त करणारा नव्हता. तरी फ्रान्सहून छापील पंचांग घेऊन आलेला पाद्री आणि उराकामीचे शेतकरी एकाच दिवशीं एकच दिवस मोजत होते. हिशेब चुकला नव्हता.

मात्र उराकामीकर भाबडे नव्हते. आला तो आपलाच कशावरून? पुढील दिवसांत निरनिराळ्या बेटांवरचे पाणीवाले पाद्र्याची परीक्षा घेण्यास आले. रोमच्या धर्मराजाचें नांव काय, आपणांस बायकामुलें आहेत काय, अशा गोष्टी ते सहज म्हणून विचारीत. मरियेला मानणारा, पोपचा आज्ञाधारक आणि अविवाहित, या तीन खुणा पूर्वजांनीं सांगून ठेवल्या होत्या. तिन्ही जुळल्यावर मग ते जमिनीपर्यंत वांकले.

येथें ही गोष्ट संपली असती तर ती परीकथा झाली असती. १८६७ च्या वसंतांत उराकामीच्या कांहीं घरांनीं आपल्या मृतांच्या अंत्यविधीस बौद्ध भिक्षु बोलावण्याचें नाकारलें. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं मुकाट्यानें प्रतिमेवर पाय ठेवला, त्यांच्याच वंशजांनीं एका प्रेतसंस्कारासाठीं सरकारशीं उघड विरोध पत्करला. त्यांचें धैर्य एका रात्रींत वाढलें असें नव्हे; पूर्वींची लाचारी ही वाट पाहण्याची किंमत होती, आणि आतां वाट पाहणें संपलें होतें. म्हणून तीच किंमत पुन्हां देण्यास ते तयार नव्हते. जुलैच्या एका पावसाळी रात्रीं अडुसष्ट जणांना पकडून नेलें. मारहाणीपुढें एका ताकागी सेनेमोनशिवाय जवळ जवळ सर्वांनीं धर्म सोडल्याचें कबूल केलें. परंतु ते घरीं आले, त्यांना चैन पडेना, आणि त्यांतले पुष्कळजण पुन्हां गांवमुख्याकडे जाऊन ‘आमची कबुली परत द्या’ म्हणून बसले!

त्याच सुमारास शोगुनाची सत्ता जाऊन सम्राटाचें नवें सरकार आलें. नव्या सरकारनें जुने फळे उतरविले आणि त्याच बंदीचे नवे लावले. १८६८ आणि १८७० अशा दोन खेपांनीं उराकामीचें सारें खोरें रिकामें करण्यांत आलें. तेहतीसशेंहून अधिक माणसें वीस-एकवीस ठिकाणीं वांटलीं गेलीं. नवरा एकीकडे, बायको एकीकडे, असेंहि झालें. त्सुवानो या डोंगराळ गांवीं जे गेले त्यांचे हाल सर्वांत वाईट. सेनेमोनला तेथें बर्फ धरलेल्या तळ्यांत बुडवून काढीत. वासाबुरो नांवाच्या तरुणास धड उभें राहतां येणार नाहीं अशा तीन फुटी पिंजऱ्यांत ठेवलें होतें. तो त्यांतच मेला. मुलांना उपाशी ठेवून खाऊ दाखवीत, ‘नको’ म्हण आणि घे, एवढीच अट. हद्दपारींत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. कित्येकांनीं धर्म सोडलाहि. त्यांना दोष देण्याचा अधिकार उबदार खोलींत बसलेल्या वाचकास नाहीं.

१८७१ मध्यें इवाकुरा यांचें शिष्टमंडळ युरोप-अमेरिकेंत तह सुधारून घेण्यास गेलें, तेव्हां जेथें जावें तेथें उराकामीच्या कैद्यांचा प्रश्न पुढें येऊं लागला. शेवटीं २४ फेब्रुवारी १८७३ रोजीं फळे उतरविण्याचा हुकूम निघाला. कारण काय दिलें? फळ्यावरील मजकूर लोकांस पूर्णपणें माहीत झाला आहे, तेव्हां फळ्यांची जरूरी नाहीं! बंदी रद्द केली असें सरकारनें म्हटलेंच नाहीं. परंतु कैदी सुटले. धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या कलमांत यावयास १८८९ ची राज्यघटना उजाडावी लागली.

परतलेल्या उराकामीकरांनीं त्या हद्दपारीला पुढें कायम एकच शब्द वापरला: ‘प्रवास’. घरें मोडलेलीं, भांडीं गेलेलीं, शेतांत गवत वाढलेलें. त्यांत पुढच्याच वर्षीं हगवणीची सांथ आली. हद्दपारी भोगून आलेल्या इवानागा माकी नांवाच्या मुलीनें सांथींत पोरकीं झालेलीं मुलें सांभाळण्याचें काम अंगावर घेतलें आणि जन्मभर तेंच केलें. १८८० मध्यें गांवकऱ्यांनीं पैसे जमवून एक जागा विकत घेतली. ती गांवमुख्याच्या वाड्याची जागा होती. जेथें त्यांचे वाडवडील दरवर्षीं प्रतिमेवर पाय ठेवीत आले होते, तेथेंच त्यांनीं विटांवर विटा चढवून १८९५ ते १९१४ या वर्षांत आपलें महामंदिर बांधलें. त्याच मंदिरापासून सुमारें पांचशें मीटरांवर, ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं, दुसरा अणुबाँब फुटला. १५ ऑगस्टच्या सणाच्या तयारीसाठीं लोक पापनिवेदनास आले होते; तेथें असलेले दोन्ही धर्मगुरु आणि ते भाविक सर्व गेले. उराकामीच्या सुमारें बारा हजार कॅथॉलिकांपैकीं साडेआठ हजार मेले असें मानतात. डिगाऱ्यांतून एक घंटा धड निघाली. ती त्या वर्षींच्या नाताळच्या आदल्या रात्रीं वाजविली गेली.

परंतु सर्वच गुप्त ख्रिस्ती उराकामीकरांसारखे रोमकडे परतले नाहींत. इकित्सुकी, गोतो आणि इतर बेटांवरच्या हजारों माणसांनीं फ्रेंच पाद्र्यांना नम्रपणें नकार दिला. नव्या पाद्र्यांच्या शिकवणुकींत देव्हारा टाकून द्यावा लागे, पूर्वजांची पूजा सोडावी लागे, आणि आजोबांच्या तोंडची प्रार्थना चुकीची म्हणून नवी शिकावी लागे. ज्या प्रार्थनेसाठीं आजोबांनीं जीव मुठींत धरला ती चुकीची कशी, हें त्यांना पटेना. वाट पाहतां पाहतां वाट पाहण्याची रीतच त्यांचा धर्म होऊन बसली होती. पाद्र्यांना हें हट्टाचें वाटलें. पण ज्यांनीं दोन शतकें कोणाच्याहि मदतीवांचून ठेव सांभाळली, त्यांनीं ती आल्या माणसाच्या हातीं सहज द्यावी, अशी अपेक्षा करणेंहि थोडें अधिकच होतें.

त्यांची संख्या आतां अगदीं थोडी राहिली आहे, आणि तरुण मंडळी शहरांत गेल्यामुळें प्रार्थना पाठ करणारे मिळत नाहींत. इकित्सुकी बेटावर त्या प्रार्थनांना ‘ओराशो’ म्हणतात, आणि त्यांतल्या कांहीं सुरांत गातात. मिनागावा तात्सुओ या जपानी संगीतज्ञानें वर्षानुवर्षें ते सूर ऐकून टिपून घेतले. ‘गुरुयोझा’ या शब्दानें सुरू होणारें एक गीत, मरियेच्या एका लॅटिन स्तोत्राचें झिजलेलें रूप आहे, हें शब्दांवरून कळत होतें. पण ज्या चालींत तें गात ती चाल युरोपांतल्या प्रचलित पुस्तकांत कोठेंच मिळेना. शोध करीत तो स्पेनपर्यंत गेला, आणि १९८२ मध्यें माद्रिदच्या ग्रंथालयांत सोळाव्या शतकांतल्या एका गायनपुस्तकांत त्याला ती सांपडली. स्पेनच्या एका प्रदेशापुरती ती चाल होती. तेथें ती केव्हांच बंद पडली होती. इकित्सुकीचे कोळी अजून ती गात होते.